उपडा कीबोर्ड

दाजी, ते बटण मी दाबलं होतं. तुम्ही चहाला गेला होता, आसपास कोणी नव्हतं, आणि मी जाता जाता वाकून तुमच्या कीबोर्डावरचं एफ अकरा दाबलं. कॉम्प्युटर बिघडला नव्हता, वीज कमीजास्त झाली नव्हती, तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं. मी दाबलं. एवढं साधं वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली, आणि तीही तुम्ही गेल्यावर. यावरून मी कसला माणूस आहे ते कळतं. तुम्हाला ते माझ्याआधी कळलं होतं. त्याकडे मी येतो.

मागच्या मंगळवारी कचेरीत तुमची शोकसभा झाली. चौघं बोलले. चौघांनीही तुम्हाला मनमिळाऊ म्हटलं. दाजी, तुम्ही मनमिळाऊ नव्हता. आवक-जावकाच्या टेबलावर बसून तुम्ही प्रत्येक येणाऱ्या कागदाकडे आणि तो आणणाऱ्याकडे एकाच नजरेनं बघायचात, आणि त्या नजरेत आदर क्वचित असायचा. एकजण म्हणाला, दाजींनी संगणकयुगाशी छान जुळवून घेतलं. तेव्हा मागच्या खुर्चीवर कोणीतरी हसलं. का हसलं ते मला ठाऊक होतं, कारण ती हसण्यासारखी गोष्ट मीच कचेरीभर पसरवली होती. मग माझी पाळी आली. मी उभा राहून म्हणालो, दाजींकडून खूप शिकायला मिळालं. अकरा वर्षं तुमच्यापासून सहा फुटांवर बसून मी तुमच्यासारखा एक ‘श्र’ काढायला शिकलो नाही. शिकायला मिळालं म्हणे. लोकांनी माना हलवल्या. एका मिनिटाचं मौन अर्ध्या मिनिटात आटोपलं आणि सगळे वड्यांच्या ताटाकडे वळले. मीही वळलो.

ओरोसची ती जिल्ह्याची कचेरी. आपण सगळे तिथं पायरी चढलो की जीभ बदलायचो. घरी ‘माका’ आणि ‘तुका’, कचेरीत ‘मला’ आणि ‘आपणास’. माझं घर मालवणात, आई अजून बाजारात मासळी घेताना बायकांशी मालवणीत भांडते, आणि मी कचेरीत असा बोलायचो की नव्या साहेबांना वाटावं, हा पुण्याहून बदलून आला आहे. तुम्ही एकटे बदलला नाहीत. साहेब असो, शिपाई असो, तुमचं मालवणी तेच. मी एकदा तुम्हाला म्हणालो, “दाजी, सरकारी जागेत जरा शुद्ध बोलावं.”

तुम्ही पेनाचं टोपण लावलंत आणि म्हणालात, “पायरी चढलंय म्हणान जीभ बदलू? मग चपला कित्याक भायर काढतंय, जीभच काढून ठेवतंय.”

सगळे हसले. त्या हसण्याचा हिशेब माझ्या मनात राहिला. हेही कबूल करतो.

मग कॉम्प्युटर आले. मी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो आणि एकदम मोठा झालो. वीस-पंचवीस बटणं कुठली कशासाठी एवढंच मला येत होतं, पण बाकीच्यांना तेही येत नव्हतं, आणि कचेरीत मोठं व्हायला तेवढं पुरतं. लोक मला हाक मारायचे, मी जरा वेळ लावून उठायचो, मागे उभा राहून एक बटण दाबायचो आणि काही न सांगता परत यायचो. सांगितलं असतं तर पुढच्या वेळी हाक कोणी मारली असती? तुम्ही माझं नाव ठेवलंत बटणेश्वर. “बटणेश्वरानू, येवा, हयसर तुमची पूजा करूची आसा.”

आवक-जावकाची नोंद आता ब्राउझरमधल्या पानावर करायची असा हुकूम आला. तुम्ही ती केलीत. दोन बोटांनी, पण एकही चूक न करता. आणि शिवाय जुनं लाल पाठीचं रजिस्टरही लिहीत राहिलात. संध्याकाळी पान बंद करायचात, रजिस्टर मिटायचात, त्याची फीत बांधायचात, मग त्यावर तळहात ठेवून हळूच म्हणायचात, “येतंय हां.” फीत बांधल्याशिवाय तुम्ही कधी खुर्ची सोडली नाही. उघडं दप्तर टाकून उठणारा कारकून तुमच्या मते कारकूनच नव्हे. मला ते हास्यास्पद वाटायचं. मी तर उघड्या पानावरून उठून घरी जायचो, आणि ते मला आधुनिक वाटायचं.

त्या कॉम्प्युटरमधली एकच गोष्ट तुम्हाला मान्य होती, कोपऱ्यातलं घड्याळ. भिंतीवरचं कधीच बंद पडलं होतं, आणि मनगटावर घड्याळ बांधलं की तुमची कातडी उठायची. “ह्या एक बरा केल्यानी,” तुम्ही म्हणायचात, “ह्येका चावी देवची लागणा नाय.”

एकदा तुमच्याच बोटाचा धक्का लागून ते घडलं. एफ अकरा दाबलं गेलं आणि आवकाचं पान पसरून सगळा पडदा व्यापून बसलं. वरची पट्टी गेली, बंद करायची फुली गेली, खालची पट्टी गेली आणि तिच्याबरोबर घड्याळही. तुम्ही मला हाक मारलीत. बटणेश्वर म्हणाला नाहीत, नावानं हाक मारलीत. मी आलो, एका हातानं कीबोर्ड झाकला, दुसऱ्या हातानं बटण दाबलं. सगळं जागेवर आलं.

“काय केलंस?” तुम्ही विचारलंत.

“ते समजायला शिकावं लागतं, दाजी. तुम्ही आपले अंगठा लावा.”

सगळ्या जिल्ह्यात तुमच्या अक्षराचा कागद ओळखला जायचा. त्या माणसाला मी अंगठा लावायला सांगितलं. पाच जण ऐकत होते. त्यानंतर तुम्ही कॉम्प्युटरचं काहीही मला कधी विचारलं नाहीत.

पण वाद घातलात, तो दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर. मी सांगत होतो की त्याला फुल स्क्रीन म्हणतात, पूर्ण पडदा, म्हणजे सगळं मोठं दिसावं म्हणून केलेली सोय. तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, “पूर्ण म्हणतंस, आणि घड्याळ दिसना नाय, फुली दिसना नाय. सगळा दिसता ता पूर्ण, की उरलेला लपवल्यार पूर्ण?”

“लपत नाही काही. खाली असतंच. घड्याळ चालूच असतं.”

“माका दिसना नाय तर चालान काय करू?”

“ज्या बटणानं आत जायचं त्याच बटणानं बाहेर यायचं, दाजी. इतकं सोपं आहे.”

“आत जावचा आणि भायर येवचा दार एकच. आणि त्या दारार पाटी नाय, कडी नाय. असला घर कोण बांधता?” तुम्ही बशी पालथी घातलीत. “आणि ता बटण खयचा, ता काय सांगणंस नाय.”

मी सांगितलं नाही. हसलो फक्त. तो वाद तिथंच राहिला आहे. आता मला वाटतं तुमचं बरोबर होतं, पण हे तुमच्यासमोर मी कधीच मान्य केलं नसतं. जिवंत माणसाला बरोबर म्हणायची आम्हा लोकांना सवय नाही. त्यासाठी शोकसभा असतात.

तो दिवस २००७ च्या मे महिन्यातला. तुम्ही दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आला होता. टेबलाखाली एक कापडी पिशवी होती, तिला कोकमाच्या सोलांचा आंबट वास येत होता. कधी नव्हे ती साहेबांकडून लवकर निघायची परवानगी घेतली होती, चारच्या मालवण गाडीनं जाणार होता. मी विचारलं, “काय दाजी, कुणाचं लग्न?”

“तुका कित्याक व्हया?”

एवढंच बोललात. त्यात राग नव्हता, घाई होती. पण दोघंतिघं हसले आणि मला ते लागलं. चहाच्या वेळी तुम्ही उठलात, आणि मी जाऊन एफ अकरा दाबलं. पडद्याच्या वरच्या कडेला माउस नेला की एक बारीक पट्टी दिसायची आणि तिच्यात फुली असायची. तीही वर येणार नाही अशी तजवीज करून ठेवली. म्हणजे चुकून वाट सापडण्याचीही सोय ठेवली नाही. इतक्या बारकाईनं मी कचेरीचं एकही काम कधी केलेलं नाही. मग मोटरसायकलला किक मारली आणि मालवणला घरी गेलो. साहेबही दुपारी दौऱ्यावर गेले होते, बाकीचे केव्हाच पांगले होते. मागे तुम्ही, दोन म्हातारे कारकून ज्यांना यातलं काही कळत नव्हतं, आणि झाडायला येणारी शेवंतामावशी.

दुसऱ्या दिवशी मावशीनंच मला सांगितलं. “दाजी त्या पडद्याफुडे बसान रवलेले. मी इचारलंय, घराक नाय गेलास? तर म्हणतत, ह्या मिटूचा कसा? रजिस्टर मिटलेला, फीत बांधलेली, पिशवी मांडयेर. आणि पडदो उघडो. मी म्हटलंय, पाटलो खटको बंद करतंय. तर नको म्हणतत, दिसभराच्या नोंदी जातीत. मगे माका वेळ इचारल्यानी. मी म्हटलंय, साडेपाच होवन गेले. तशी पिशवी खाली ठेवल्यानी. मगे म्हणाले, कर बंद.”

नोंदी गेल्या नव्हत्या. तुम्ही त्या केव्हाच व्यवस्थित भरल्या होत्या, पडदा विझवला असता तरी त्यांना काही झालं नसतं. तेवढंही मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

मी मावशीचं ऐकून हसलो, दाजी. आणि त्या दिवसापासून ती गोष्ट सांगत सुटलो. “दाजी पडद्यात अडकले.” नवीन माणूस रुजू झाला की त्याला मी ती सांगायचो, तुमच्या आवाजात, “ह्या मिटूचा कसा?” अशी नक्कल करून. पुण्याहून आल्यासारखा बोलणारा मी, मालवणी बोलायचो ते फक्त तुमची टर उडवायला. बटण कोणी दाबलं हे मात्र गोष्टीत नसायचं. गोष्टीत तुमचंच बोट असायचं.

त्या आठवड्यापासून तुम्ही एक विचित्र प्रकार सुरू केलात. चहाला उठताना कीबोर्ड उचलायचा आणि उपडा ठेवायचा. पावसाळ्याआधी होडी ओढून उपडी घालतात तसा. जेवायला जाताना उपडा, साहेबांनी बोलावलं की उपडा. आम्हाला नवा विषय मिळाला. “दाजी कीबोर्ड वाळत घालतात,” मी म्हणायचो. तुम्ही माझ्याकडे एकदाच बघितलंत. तीच ती आवकाच्या कागदाकडे बघायची नजर. मी त्या नजरेचा अर्थ लावला नाही. हुशार माणसं असल्या गोष्टींत वेळ घालवत नाहीत.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मी तोंडवलीला तुमच्या घरी गेलो. तुमच्या पत्नी, आमच्या काकी, घरापुढच्या खळ्यात बसल्या होत्या. कोणी आलं की त्या तुमचं काहीतरी सांगायच्या, मला त्यांनी तुमच्या भावाचं सांगितलं. अण्णा तुमचे थोरले भाऊ, मुंबईला असतात. ते मुंबईत असताना तुम्ही वडलांची होडी त्यांना न विचारता विकलीत, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. नऊ वर्षं. त्या मे महिन्यात ते एका लग्नाला मालवणला आले आणि जाताना निरोप पाठवला, संध्याकाळच्या मुंबई गाडीला स्टँडवर आहे, यायचं तर ये.

“रातभर जागे होते,” काकी म्हणाल्या. “सोलां बांधून घेतल्यानी, अण्णाक आवडतत म्हणान. सकाळीच सांगल्यानी, आज गाडी चुकवणंय नाय. आणि त्या दिवशी मेला ता कंपुटर बंद होयना. अण्णा स्टँडार गाडी सुटासर उभे होते. मगे निरोप धाडल्यानी, कळला माका, तेका येवचा नाय होता.”

“मग दाजींनी कळवलं नाही, का चुकली ते?”

“मी किती सांगलंय, एक पत्र टाका. अक्षर बघून तरी राग जायत. तर म्हणाले, काय लिवू? माका यंत्रान धरून ठेवल्यान? पडदो मिटूक येना नाय म्हणान भावाक भेटाक येवक नाय? हसतलो तो.”

हसण्याची भीती तुम्हाला कोणी घातली होती, दाजी? अंगठा लावा असं कोण म्हणालं होतं?

काकींनी कोरा चहा पुढे केला. मी तो प्यायलो. त्यांच्या समोर, त्यांच्या खळ्यात बसून प्यायलो आणि बटणाचं सांगितलं नाही. कॉम्प्युटर कसे मध्येच बिघडतात असं काहीतरी मात्र म्हणालो. हो, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तुमचं टेबल रिकामं करायला मला सांगितलं. खणात टोपणाची तीन पेनं, शाईची दौत, औषधाच्या गोळ्या, आणि ते लाल पाठीचं रजिस्टर. रोजच्या नोंदींपासून वेगळं राखलेलं शेवटचं पान मी उघडलं. चार रकाने, तुमच्या हातानं आखलेले. तारीख त्या मेमधलीच, गाडी चुकल्यानंतर तीन दिवसांची. आवक या रकान्यात लिहिलं होतं, ‘एफ ११’. जावक या रकान्यात, ‘एफ ११’. पुढे, ‘मालवण येथे कॉम्प्युटरच्या दुकानात विचारून खात्री केली.’ आणि शेरा या रकान्यात, ‘सदर बटण आपोआप दाबले जात नाही. कोणीतरी दाबावे लागते.’

मी ते पान धरून तुमच्याच खुर्चीत बसलो. आपोआप दाबलं जात नाही. तुम्हाला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. म्हणून कीबोर्ड उपडा. तीन वर्षं रोज माझ्या समोर तुम्ही तो उपडा करत होता, आणि मी त्यावर विनोद करत होतो. तुम्ही साहेबांकडे गेला नाहीत, काकींना नाव सांगितलं नाहीत, शेऱ्यातही माझं नाव घातलं नाहीत. कशामुळे? मोठेपणा म्हणून नव्हे, तसं म्हणून मी तुमचा अपमान करणार नाही. माझ्यासारख्याची नोंद करण्यात तुम्हाला शाई घालवायची नव्हती. तुमच्या त्या तुच्छतेचा मी आभारी आहे. माझ्याबद्दल एवढं अचूक मत दुसऱ्या कोणी कधी दिलेलं नाही.

बाराव्याला मी पुन्हा तोंडवलीला आलो. रजिस्टर पिशवीत होतं. अण्णा मुंबईहून आले होते. तुमच्यासारखंच कपाळ, तुमच्यासारखीच पाठ ताठ. जेवणं झाल्यावर ते खळ्याच्या कडेला एकटे उभे राहून समुद्राकडे बघत होते. मी जवळ गेलो आणि नेहमीच्या सवयीनं कचेरीच्या भाषेत सुरुवात केली. “आपल्याला एक गोष्ट निदर्शनास आणून द्यायची होती.”

“काय?”

मी सगळं सांगितलं. आयुष्यात कॉम्प्युटरला हात न लावलेल्या म्हाताऱ्या माणसाला फुल स्क्रीन म्हणजे काय ते समजावताना माझी त्रेधा उडाली. पडदा, पट्टी, फुली, घड्याळ. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “एका बटणान?”

“हो.”

“म्हणजे तो येवक निघालेलो?”

“सकाळपासून निघालेले होते. परवानगी घेतली होती. पिशवी बरोबर होती.”

“पिशयेत काय होता?”

“सोलं.”

अण्णांनी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. मी पिशवीतून रजिस्टर काढून शेवटचं पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वाचलं नाही, अक्षरावरून फक्त बोट फिरवलं, वरून खाली, चारही रकान्यांवरून. मग रजिस्टर मिटून काखेत घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. तुमची नजर, दाजी. तीच.

मी म्हणालो, “मी आपली क्षमा मागतो.”

“माझी नको.” ते म्हणाले. “तेका सांग.”

“ते आता नाहीत.”

“म्हणानच सांग. जित्या माणसाक सांगूची तुझी छाती नाय होती. आता तरी सांग. आणि सरळ भाषेत सांग, ह्या असला निदर्शनास बिदर्शनास नको.”

काकी दारात आल्या होत्या. त्यांच्यामागे तुमचा मुलगा आणि दोन शेजारी. सगळ्यांनी ऐकलं होतं. मी चपला काढल्या. का काढल्या ते मला माहीत नाही. तुमच्या घराकडे तोंड केलं आणि आईशी बोलतो त्या आवाजात म्हणालो,

“दाजीनू, ता बटण मीच दाबलंय. माजा चुकला.”